हत्तिणीच्या पायांचा अहवाल जनतेपुढे ठेवा

नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण जुलै २०२५ च्या अखेरीस जामनगरच्या ‘वनतारा’त नेण्यात आली आणि कोल्हापूर जिल्हा ढवळून निघाला. मुंबई उच्च न्यायालयाचा १६ जुलैचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलैला कायम केला. त्यानंतर ३ ऑगस्टला हजारो स्त्रीपुरुष नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूकपणे चालत आले. रिलायन्सची सिमकार्डे सोडण्याची लाट उसळली. १९९२ पासून गावाने जिला लेकीसारखे सांभाळले, तिच्यासाठी ढाळलेले अश्रू खोटे होते असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. धनिकाच्या खासगी संग्रहाविषयी जनतेला वाटणारा संशयही अस्थानी नाही. परंतु या गदारोळात हत्तिणीच्या पायांविषयी फारच थोडे बोलले गेले.

या विषयावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ मोजमाप केले आहे. युरोपातील प्राणिसंग्रहालयांतील हत्तींचा एक अभ्यास २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान १८.९ वर्षे भरले. ब्रह्मदेशाच्या जंगलात लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तिणींचे ४१.७ वर्षे. जेथे चाऱ्याची वा पशुवैद्याची ददात नाही तेथील हत्तीण लवकर मरते आणि राबणारी दुपटीहून अधिक जगते! ब्रह्मदेशात काम संपले की हत्तींना रानात चरावयास सोडतात आणि त्यांना जातभाईंची सोबत लाभते, हे लक्षात घेतले म्हणजे कोडे बरेचसे उलगडते. उत्तर अमेरिकेतील हत्तींच्या २०१६ च्या पाहणीत कठीण जमिनीवरचा काळ आणि पायांचे, सांध्यांचे विकार यांचा संबंध स्पष्ट झाला. एकटा ठेवलेला हत्ती अधिक झुलतो, हेही आढळले. दारात डोलणारा गजराज पाहून आपण हात जोडतो, पण ते डोलणे बहुधा आनंदाचे नसते.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतील हत्ती हलविण्याचा आदेश काढला. देवळे व मठ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. जोतिबाच्या सुंदर हत्तीला न्यायालयीन झगड्यानंतर २०१४ साली बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टास पाठवावे लागले, तेव्हाच आपल्या जिल्ह्याने धडा घ्यावयास हवा होता. तो गेला तेथे निदान कर्नाटक सरकारची संस्था होती.

जी कसोटी मठाला, तीच ‘वनतारा’ला लावली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष तपास पथकाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्या संस्थेस निर्दोष ठरविले. सारांश जाहीर झाला, संपूर्ण अहवाल मोहोरबंद राहिला. पुरावा धनिकाच्या किंवा न्यायालयाच्या कपाटात बंद असेल, तर नांदणीच्या शेतमजुराने विश्वास कशावर ठेवावयाचा?

म्हणून शिरोळ तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ‘हत्तीण परत द्या’ एवढ्यावर न थांबता तिच्या पायांची क्ष-किरण चित्रे, वजन आणि दिवसातून ती किती चालते याच्या नोंदी दर तिमाहीस मराठीत प्रसिद्ध करण्याची मागणी लावून धरावी. नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी ‘वनतारा’ने ६ ऑगस्टला दाखविली होती. असे केंद्र व्हावयाचे तर ते शासनाच्या मालकीचे असावे. तेथे मऊ माती, पाणी व दुसऱ्या हत्तिणींची सोबत असावी, आणि माहुतांना कायम नोकरी व पुरेसे वेतन मिळावे.