आधी मोरी, मग डांबर



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात जे पाणी आले ते कोणी विसरलेले नाही. सीना, मांजरा, गोदावरी आणि त्यांना मिळणारे ओढे-नाले काठ सोडून शिवारात घुसले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० रुपये मिळून काय होते, खरडून गेलेल्या जमिनीला रोख ४७,००० म्हणजे त्यात माती तरी येते का, यावर पारापारावर वाद झाले. व्हायलाच हवे होते. पण त्याच पॅकेजात आणखी एक आकडा होता. रस्ते, पूल आणि इतर पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीसाठी १०,००० कोटी रुपये. म्हणजे पॅकेजाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यावर पारावर कोणी तोंड उघडले नाही.

कारण उघड आहे. पिकाचे पैसे तुमच्या खात्यात येतात, कमी आले की लगेच कळते. रस्त्याचे पैसे कोणाच्या खात्यात गेले ते कळत नाही. दोन ट्रॉल्या मुरूम पडतो, जेसीबी चार तास फिरते, बिल निघते आणि पुढच्या मृगात तो मुरूम पुन्हा ओढ्यात जातो. जे आपल्या हिशेबात नाही ते दुसऱ्याच्या खिशात आहे, एवढे पक्के समजा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. गावचा रस्ता नुसत्या पावसाने वाहून गेला नाही. पाण्याला वाट ठेवली नव्हती म्हणून गेला. आता दुरुस्तीच्या नावाखाली तोच बिनमोरीचा रस्ता पुन्हा बांधला जाणार असेल, तर ती दुरुस्ती नव्हे. ती पुढच्या पुरानंतरच्या ठेक्याची सोय आहे.

रस्ता म्हणजे भाव

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी पिकाची भरपाई पूर्ण घ्या, रस्त्याचे नंतर बघू. या मित्रांनी थोडे गणित करावे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. हा भाव गावात मिळत नाही. तो खरेदी केंद्रावर मिळतो आणि केंद्र तालुक्याला असते. नोंदणी करायची, नेमून दिलेल्या दिवशी गाडी न्यायची, कापसातला ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत ठेवायचा. ज्या गावचा पूल खचला आहे तिथे गाडीवाला येत नाही. आलाच तर दुप्पट भाडे मागतो. वेचणीचा कापूस घरात साठतो, ओल धरतो, पिवळा पडतो. मग मोटारसायकलवर काटा बांधून व्यापाऱ्याचा माणूस येतो आणि खेडा खरेदी सुरू होते. त्याला ठाऊक असते की हा शेतकरी आता कुठे जाऊ शकत नाही.

धरा की त्याने क्विंटलमागे चारशे रुपये कमी दिले. वीस क्विंटल कापूस असलेल्या घराचे आठ हजार रुपये गेले. ही भरपाई कोणत्याही पंचनाम्यात येत नाही आणि हे नुकसान एका वर्षाचे नाही. रस्ता नीट होईपर्यंत ते दर हंगामाला होते. ज्वारीचेही तसेच. शाळू काढला, कडबा बांधला, पण कडब्याची गाडी बाहेर निघत नसेल तर जनावरांच्या बाजारात कितीही मागणी असो, पेंढी मातीमोल. खताचे पोते, पेरणीचे बी, आजारी माणूस, बाळंतपणाची बाई, शाळेच्या निळ्या बसची वाट पाहणाऱ्या मुली, सगळे त्याच एका मोडक्या मोरीवर अडतात.

म्हणून रस्ता ही शोभेची वस्तू नाही. रस्ता हा भावाचाच भाग आहे. भाव मागणाऱ्या माणसाला रस्ता सोडून देता येत नाही.

सांडव्याशिवाय बांध

शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला आणि शाळा न पाहिलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला एक गोष्ट सारखीच कळते. शेताला बांध घातला की सांडवा ठेवावा लागतो. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि फुटताना खालचे शेतही घेऊन जातो. आता गावच्या रस्त्याकडे बघा. उताराला आडवा टाकलेला मातीचा भराव म्हणजे दुसरे काय आहे? तो बांधच आहे. मोरी हा त्याचा सांडवा आहे. इंजिनियर साहेबांनी बांध घातला आणि सांडवा विसरले, किंवा दोन फुटी सिमेंटचा पाइप टाकून सांडवा झाला असे कागदावर लिहिले.

हिशेब करू. ओढ्याच्या वरच्या अंगाला १०० हेक्टर शिवार आहे. त्यावर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस पडला. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकारदरबारी त्याला अतिवृष्टी म्हणतात, हा त्याहून जास्त. शंभर हेक्टरवर पडलेले हे पाणी एक लाख घनमीटर होते. जमीन आधीच भिजलेली, तरी अर्धे मुरले असे धरू. उरले पन्नास हजार घनमीटर. ते तीन तासांत रस्त्यापाशी आले. दोन फुटी पाइप तोंडोतोंड भरून सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिला, तर तासाला सुमारे दोन हजार घनमीटर पाणी सोडतो. तीन तासांत सहा हजार. बाकी चव्वेचाळीस हजार घनमीटर पाण्याने काय करावे? ते वरच्या शेतात तुंबते, कापूस उभा सडवते, मग रस्त्यावरून उडी मारते आणि खालच्या बाजूने भराव कोरत कोरत डांबर, खडी, मुरूम सगळे घेऊन जाते. शिवाय तो पाइप निम्मा गाळाने आणि पऱ्हाटीच्या काड्यांनी भरलेला असतो, हे आम्ही हिशेबात धरलेलेच नाही.

त्यात आपली काळी जमीन. कापसाला ती आई आहे, रस्त्याला सावत्र आई. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की हातभर भेगाळते. तिच्यावर थेट खडी अंथरली की पावसाळ्यात खडी मातीत बुडते आणि उन्हाळ्यात डांबराला तडा जातो. त्या तड्यातून पुढच्या वर्षी पाणी शिरते. यावर उपाय नवा नाही. वरची काळी माती काढावी, किंवा चुना मिसळून तिचा फुगण्याचा गुण कमी करावा. मुरमाचा थर चांगला दाबून घ्यावा. रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवावा. दोन्ही बाजूंना नाल्या काढाव्यात आणि त्या नाल्या ओढ्यापर्यंत न्याव्यात, कोणाच्या शेतात अर्ध्यावर सोडू नयेत. हे सगळे करून मग डांबर. आपल्याकडे क्रम उलटा आहे, कारण डांबराचा फोटो निघतो. जमिनीत गाडलेल्या मोरीचा फोटो निघत नाही.

'पूर्ववत' नावाचा शाप

सरकारी कागदावर दुरुस्तीचा अर्थ आहे पूर्ववत करणे. जो रस्ता सदोष होता म्हणून वाहून गेला, तो पूर्ववत करायचा म्हणजे पुन्हा सदोष करायचा. आपत्ती निवारण निधीसाठी २०१५ मध्ये केंद्राने जे निकष काढले, त्यात ग्रामीण रस्त्याच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी किलोमीटरला साठ हजार रुपये धरले होते. साठ हजारांत किलोमीटरभर खड्डे बुजतात, मोरी होत नाही. त्याच २०१५ साली जपानमधल्या सेंदाई शहरात जगभरच्या सरकारांनी ठराव केला की आपत्तीनंतर जे बांधायचे ते पहिल्यापेक्षा भक्कम बांधायचे. भारत त्यात सामील होता. तिकडे सही भक्कमपणाची, इकडे अंदाजपत्रक मुरमाचे.

हा दोष जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या बायाबापड्यांनी खडी फोडून, माती वाहून मैलोगणती रस्ते केले. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मजुरीवर साठ टक्के आणि साहित्यावर चाळीस टक्के हे प्रमाण बसले. मजुराच्या पोटासाठी ते योग्यच होते. पण मोरीला सिमेंट लागते, पाइप लागतो, लोखंड लागते. मातीकाम पुढे गेले, मोऱ्या मागे राहिल्या. ज्यांनी उपाशीपोटी रस्ता केला त्यांच्या नातवंडांना त्याच रस्त्यावर कमरेएवढ्या पाण्यातून जावे लागते.

पैसा नाही म्हणता?

तिजोरीत खडखडाट आहे, हे उत्तर आम्ही ऐकून आहोत. २४ जून २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने एकट्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी पुरात बुडालेल्या सगळ्या जिल्ह्यांच्या रस्ते-पुलांसह साऱ्या पायाभूत दुरुस्तीला मिळून १०,००० कोटी. खडखडाट कोणासाठी आहे ते यावरून समजते.

सरकारला घाई जमत नाही असेही नाही. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाले. मुदत ३० सप्टेंबरची होती. महिना संपायच्या आत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. गिरणीवाल्यांच्या गाठीसाठी फाइल दहा दिवसांत पळते. सीनेच्या पुराने लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला तेव्हा सारी यंत्रणा तिथे धावली. धावायलाच हवे. पण महामार्गावर येणारा माल निघतो कुठून? शिवारातूनच ना?

आणि हा पैसा दान नाही. ट्रॅक्टरमध्ये टाकलेल्या प्रत्येक लिटर डिझेलवर केंद्र सरकार रस्त्यासाठी उपकर घेते. २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला तो याच पैशावर. नांगरटीचे डिझेल महामार्गावर जळत नाही, ढेकळात जळते. तरी शेतकरी रस्त्याचा कर भरतो. म्हणजे आपण रस्त्याचे पैसे आगाऊ भरले आहेत. तेव्हा लोकवर्गणी आणि श्रमदानाचा उपदेश घेऊन कोणी आला, तर त्याला आधी डिझेलची पावती दाखवा.

हा रस्ता कोणाचा?

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर पहिली पाच वर्षे देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात. शिवाररस्ता आणि पाणंद तहसीलदार आणि ग्रामपंचायतीकडे. ओढा एकच, पण त्यावरच्या चार मोऱ्यांचे चार मालक. तक्रार घेऊन गेलात की प्रत्येक जण शेजारच्या कचेरीकडे बोट दाखवतो.

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना जे विषय दिले, त्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या आणि पूल आहेत. पण २०२५ चा पूर आला तेव्हा मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. २०२२ पासून तिथे प्रशासक बसले होते. ज्याला मते मागायची नाहीत त्याला मोरी आठवत नाही.

एक कडू गोष्ट आपल्या घरची

सरकारला धारेवर धरताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. अनेक ठिकाणी रस्त्याकडेची नाली नांगराखाली गेली आहे. ओढ्याचे पात्र दरवर्षी दोन-दोन तास आत सरकून अरुंद झाले आहे. पाण्याने आपली जागा मागितली आणि व्याजासकट घेतली. शेजाऱ्याने अडवलेल्या पाण्याविरुद्ध आणि अडवलेल्या रस्त्याविरुद्धही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण भावकीतले भांडण कचेरीत नेण्याआधी गावाने बसून नाल्या मोकळ्या केल्या तर बरे. नाली बुजवणाऱ्याने मोरी मागितली, तर साहेब हसून आपली सुटका करून घेतो.

काय करायचे

एक. प्रत्येक गावाने आपल्या रस्त्यांचा पाणीनकाशा काढावा. पाणी कुठे चढले, कुठे रस्ता तुटला, तिथे मोरी होती का, पाइप किती फुटी होता. हे काम इंजिनियरपेक्षा गुराखी आणि वेचणीच्या बाया चांगले सांगतील. त्यांना बोलवा.

दोन. तो नकाशा ग्रामसभेत ठरावासह मंजूर करा आणि चारही कचेऱ्यांना एकाच दिवशी द्या. पोच घ्या.

तीन. मोरी आणि नाल्यांशिवायचे कोणतेही दुरुस्तीचे अंदाजपत्रक गावाला मान्य नाही, असे त्याच ठरावात लिहा.

चार. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरा. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागा. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. मुरूम की माती, ते पिशवीत घालून बघा.

पाच. कामाचा क्रम गावाने ठरवावा. आधी पाणी जिथे तुटते त्या मोऱ्या, मग नाल्या, मग भराव आणि मुरूम, शेवटी डांबर. पैसे कमी पडले तर डांबर राहू द्या, मोरी राहू देऊ नका. मोरी असलेला मुरमाचा रस्ता पावसाळा काढतो. बिनमोरीचा डांबरी रस्ता उद्घाटनाचा नारळ वाळायच्या आत जातो.

भरपाई हा आपला हक्क आहे आणि त्यासाठीची लढाई थांबणार नाही. पण भरपाई गेलेल्या पिकाची मिळते. रस्ता पुढच्या प्रत्येक पिकाचा आहे. जिल्हा बैठकीला येताना घोषणांचे फलक कमी आणा. गावागावाचे पाणीनकाशे आणा. ते टेबलावर मांडले की साहेबांना पावसाला दोष देता येणार नाही.