चुकून गेलेले पैसे आणि आपली शाखा

पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात २०२१ मध्ये अचानक पंधरा लाखांहून अधिक रुपये जमा झाले. पंतप्रधानांनीच ते पाठवले असे समजून त्याने त्यांचे आभार मानले, नऊ लाख काढले आणि घर बांधायला घेतले. रक्कम होती एका ग्रामपंचायतीच्या विकासनिधीची. चूक ध्यानात यायला काही महिने लागले. तोवर पैशांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या.

कायद्यात याबाबत संदिग्धता नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते की चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. जाणूनबुजून ते दाबून ठेवणाऱ्यावर फौजदारी कारवाईही होऊ शकते. पण कोर्टाची पायरी चढायला वेळ आणि वकील दोन्ही लागतात. सात-आठ हजारांसाठी ते कोण करणार? अशा ग्राहकाचे पैसे परत मिळतात ते शाखेतल्या माणसांनी हालचाल केली तरच.

चूक होते कशी, हे काउंटरवर बसणाऱ्याला ठाऊक असते. ग्राहक मराठी आकड्यांत खाते क्रमांक लिहितो आणि त्याचा ‘१’ संगणकावर इंग्रजी नऊ होऊन उतरतो. असे खातेच अस्तित्वात नसेल तर एनईएफटीची रक्कम दोन तासांत परत येते. खाते चालू निघाले की मात्र पैसे मुकाट जमा होतात, कारण २०१० पासून रिझर्व्ह बँकेने केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करण्याची मुभा दिली आहे.

ही फक्त अडाण्याची चूक, असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचे सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. गेले जवळपास ९० कोटी डॉलर. फ्लेक्सक्यूब प्रणालीच्या पडद्यावर तीन चौकटी भरायच्या होत्या, भरली एकच. तिघांनी व्यवहार तपासून मंजूर केला होता. सुमारे ५० कोटी डॉलर सावकारांनी अडवून ठेवले, आणि निकाल सिटीबँकेच्या बाजूने लागायला सप्टेंबर २०२२ उजाडले.

आपल्याकडे ग्राहक अडकतो तो दोन शाखांच्या मध्ये. त्याची शाखा म्हणते, ‘पैसे गेले, समोरच्या बँकेला विचारा.’ समोरची म्हणते, ‘तुमचे खाते आमच्याकडे नाही, खातेदाराची माहिती देता येत नाही.’ गोपनीयतेचा नियम बरोबरच आहे. पण तो खातेदाराचे नाव परक्याला सांगण्यापासून रोखतो, आपल्याच खातेदाराला फोन करण्यापासून नव्हे. पाठवणाऱ्या शाखेने यूटीआर क्रमांकासह त्याच दिवशी ईमेल करावा आणि पाठोपाठ फोनही. समोरच्या शाखेने खातेदाराला बोलावून लेखी संमती घ्यावी, कारण संमतीवाचून त्याच्या खात्याला हात लावता येत नाही. त्याने नकार दिला तर तसे लेखी कळवावे, म्हणजे ग्राहकाला नोटीस तरी पाठवता येईल.

पैसे मिळालेला माणूस लबाडच असतो असे मुळीच नाही. ‘चुकून आले, परत पाठवा’ असे फोन करून लुटणाऱ्या टोळ्यांमुळे तो घाबरलेला असतो. अनोळखी आवाजावर त्याने विश्वास ठेवू नये, हेच बरे. त्याच्या ओळखीच्या शाखाधिकाऱ्याचा फोन आला तर तो ऐकेल. लवकर पैसे मिळावेत म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर फसवणुकीची तक्रार करायचा सल्लाही कुणी ग्राहकाला देऊ नये. त्यात निरपराध माणसाचे खाते गोठू शकते.

रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थीचे नाव पडताळण्याची विनामूल्य सोय देण्यास सांगितले. ती शाखेत येणाऱ्या ग्राहकासाठीही आहे. काउंटरवर स्लिप घेतल्यावर पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचून दाखवावे आणि ग्राहकाने ‘हो’ म्हटल्यावरच पुढे जावे. शिवाय प्रत्येक शाखेने या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमून त्याचे नाव आणि फोन क्रमांक दर्शनी फलकावर लावावा. आमच्या वाचक शाखाधिकाऱ्यांना विनंती आहे की हा फलक याच महिन्यात लागावा.