वाडा, यादगीर आणि तिसरीची मुदत

‘प ला काना पा, ण ला दुसरी वेलांटी णी.’ दुसरीतलं पोर शब्दावर बोट ठेवून म्हणतं. ‘मग काय शब्द झाला?’ असं विचारलं की आपल्या तोंडाकडे बघत राहतं. शाळा सुधारल्या तर मुलं लवकर वाचू लागतील का, हा वाद या पोराशेजारी बसूनच घालायला हवा.

बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०१७ साली एका तीन वर्षांच्या अभ्यासाचा अहवाल काढला. ठिकाणं दोन: पालघर जिल्ह्यातला आपला वाडा तालुका आणि इकडचं, कर्नाटकातलं यादगीर. वाड्यात बालभारतीचं पुस्तक, यादगीरला ‘नली-कली’, म्हणजे हसत-खेळत शिक्षण. १९९५मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली. वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एका वर्गात गटागटाने बसतात, शिडीच्या तक्त्यावर आपली पायरी बघून मूल स्वतःच कार्ड उचलतं. सुधारणा म्हणावी तर हीच! तरीही दोन्हीकडे तिसरीतल्या पुष्कळ मुलांना साधा उतारा वाचता येईना. पुस्तकाच्या जागी कार्ड आलं, पण वर्गाचा वेळ अक्षरं घोकण्यातच गेला. वाड्यातल्या आदिवासी मुलांच्या घरच्या बोलीला तर वर्गात फारशी जागाच नव्हती.

म्हणून सुधारणा फोल, असं आम्ही म्हणणार नाही. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचणारी २०२२ साली १६.३ टक्के होती, २०२४मध्ये २३.४ टक्के झाली. कोविडपूर्वीच्या २०१८पेक्षाही हा आकडा वर आहे. (उरलेल्या तीन चतुर्थांशांचं काय, हे विचारायचं नसतं.)

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीपर्यंत सगळ्यांना वाचता यावं म्हणून २०२६-२७ची मुदत घातली आहे. लिपीला ती ठाऊक नाही. संशोधक सोनाली नाग यांनी बंगळुरूत कन्नड मुलांवर केलेलं काम सांगतं, की चारशेहून अधिक अक्षरचिन्हं पक्की व्हायला चौथी उजाडते. आपल्या बाराखडीचं आणि जोडाक्षरांचं गणितही फार वेगळं नाही. मग तोवर गोष्ट थांबवून ठेवायची? ती पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचून दाखवावी, पोरांशी तिच्यावर गप्पा माराव्यात, अक्षरं बरोबरीने येत राहतील. तपासणीला आलेल्या साहेबांनीही ‘किती अक्षरं झाली?’ याआधी ‘गोष्टीत पुढे काय झालं?’ असं विचारावं.

म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाचा बालविभाग आम्ही मोठ्या टायपात छापला आहे. फराळ आटोपला की घरातल्या कुणीतरी तो मोठ्याने वाचावा.