विजेची शिदोरी

पूर्वी वाटसरू लांबच्या गावी निघाला म्हणजे दोन गोष्टींची चौकशी आधी करी : शिदोरी किती पुरेल आणि पाणवठा कोठे लागेल. या चौकशीला कोणी भित्रेपणा म्हणत नसे; ते शहाणपणच समजले जाई. विजेवर चालणारी मोटार घेऊन प्रथमच दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यानेही हेच शहाणपण अंगी बाणवले पाहिजे.

यावर काही जण नाक मुरडतात. प्रवास म्हणजे मोकळेपणा, तेथे हिशेबाची कटकट कशाला, असे ते विचारतात. पेट्रोलच्या मोटारीला असा हिशेब लागत नाही, असेही ते सांगतात. परंतु आरंभी तिलाही तो लागत होता. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्था बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांसह, पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर होते आणि वाटेत एकही पेट्रोलपंप नव्हता. वीसलोख गावी तिने औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीच्या टाचणीने ती मोकळी केली. चढावर मोटार ढकलावी लागली. तरीही ती मुक्कामी पोहोचली. तिच्या धाडसाला यंत्राच्या ज्ञानाची जोड होती, हे विसरता कामा नये. पुढे जागोजागी पंप झाले आणि लोकांना हिशेबाचा विसर पडला, एवढेच!

हा हिशेब कठीणही नाही. पुण्याचे एक कुटुंब कोल्हापूरला निघाले आहे, अशी कल्पना करावी. अंतर सुमारे २३० किलोमीटर. मोटारीच्या बॅटरीत ४० युनिट वीज मावते आणि एका युनिटात मोटार ६ किलोमीटर धावते. म्हणजे एकूण २४० किलोमीटर झाले. कागदावर वीज पुरली; पण शिल्लक उरली अवघ्या १० किलोमीटरांची! खंबाटकीचा चढ, समोरचा वारा, रस्त्याच्या कामामुळे घ्यावा लागणारा वळसा, यांपैकी एकानेही ती संपून जाईल. म्हणून पाचवा हिस्सा राखून ठेवावा. मग ३२ युनिटांत १९२ किलोमीटरच होतात. याचा अर्थ, वाटेत एकदा थांबणे भागच आहे.

वेगाचाही विचार हवा. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि वीज झपाट्याने खर्च होते. घाट चढताना अधिक वीज लागते. उतरताना तिचा काही भाग बॅटरीत परत येतो, सर्व नव्हे. घरच्या मोठ्या सॉकेटवर तासाला सुमारे ३ युनिटच भरतात. म्हणून बॅटरी निघण्यापूर्वी रात्रभर भरून घ्यावी आणि वाटेत जलद चार्जिंग केंद्राचा आश्रय घ्यावा.

थांबा साताऱ्याला ठरविला, तर त्यापुढे सुमारे ५० किलोमीटरांवरील कऱ्हाडही मनात धरून ठेवावे. साताऱ्याचे यंत्र बंद असेल किंवा तेथे रांग असेल, तर दुसरी सोय हवी. मोटारीत वृद्ध आजी आणि झोपेला आलेले लहान मूल असताना आडरानात अंधारात मोटार थांबली, तर बेफिकिरीला कोणी मोकळेपणा म्हणणार नाही. एकाच्या आळसाची किंमत तेथे सर्वांना मोजावी लागते.

या हिशेबाचा आणखी एक लाभ आहे. आपण किती वापरतो, हे माणसाला त्यातून कळते. महाराष्ट्रातील बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून तयार होते. ती विनासायास मिळते असे वाटणारा ती उधळतो. युनिट मोजणारा ती जपून वापरतो. हे गणित मोठ्यांनीच करावे असेही नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्या मुलाने नकाशा आणि कागद घेऊन बसावे. घरातील मंडळी त्याचे कौतुकाने ऐकतील.

हिशेब हा प्रवासाचा शत्रू नव्हे, सोबती होय. ज्याने वाटेची चिंता घरी मिटविली, त्यालाच वाटेवरचे डोंगर, उसाचे मळे आणि कृष्णेचे पात्र निश्चिंत मनाने पाहता येते. खरा मोकळेपणा तो हाच.