हिवाळा, हवा आणि पाण्याची घागर

हिवाळा हा आपल्याकडे आरोग्याचा ऋतू मानला जातो. भूक लागते, अन्न पचते, बाजारात ताज्या भाज्या येतात, हे सारे खरेच आहे. परंतु याच दिवसांत ओठ फुटतात, घशाला कोरड पडते, टाचांना भेगा पडतात. आणि ‘थंडीच आहे, चालायचेच’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. माझ्या मते तो इतक्या सहज सोडण्यासारखा नाही.

या कोरडेपणाचे कारण साधे आहे. हिवाळ्यात आपल्याकडे वारे समुद्रावरून न येता जमिनीवरून येतात. शिवाय थंड हवेत बाष्प कमी मावते. १२ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ११ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. सांगलीत पहाटे कृष्णाकाठी धुके असते, उसाच्या पानांवर दव असते. तीच हवा दुपारी उन्हाने तापली की कोरडी होते. थंड देशांत बंद खोल्या तापवल्याने हेच घडते. म्हणून तेथे हवेत बाष्प सोडणारी यंत्रे वापरतात. ती आता आपल्याकडेही मिळतात. पण कौलाच्या फटींतून वारा खेळणाऱ्या घरात असले यंत्र कितीसे पुरे पडणार?

कोरडी हवा म्हणजे शत्रूच, असेही नाही. थंडी सरता सरता तासगावच्या बाजूला शेडमध्ये द्राक्षांचे बेदाणे होतात, ते याच हवेच्या कृपेने. ती कोणाला पोसते आणि कोणाला पोळते, हा खरा प्रश्न आहे.

आमचे गाव माण तालुक्यातले. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्याकडे ५०० च्या आसपास. घरात नळ आहे, पण पाणी रोज येत नाही. खोलीत पाण्याचे भांडे ठेवा, ओला पडदा लावा, हा वाचलेला सल्ला मी घरी सांगितला, तेव्हा आई म्हणाली, “हवेला पाजायला पाणी कुठनं आणू गं?” या प्रश्नाला माझ्या पुस्तकांत उत्तर नव्हते. घागर तीच आणते. भांडी, धुणे, सारवण तीच करते. थंड पाण्याने आणि साबणाने कातडीचे तेल निघून जाते, वर कोरडा वारा लागतो, आणि भेगा पडतात त्या तिच्याच हातापायांना. हवा सर्वांना सारखीच, भेगा मात्र सारख्या नाहीत!

तेव्हा उपाय हवेपेक्षा माणसाकडे पाहून करावा. फार कढत पाण्याने अंघोळ करू नये. अंग ओलसर असतानाच तेल लावावे. रात्री टाचांना कोकमतेल चोळावे. याला घागरभर जास्तीचे पाणी लागत नाही. दुसरे, थंडी म्हणून दारे-खिडक्या लावून आत चूल पेटवू नये. कोरड्या घशाला धूर अधिकच जाचतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसच्या शेगड्या आल्या, तरी अंघोळीचे पाणी पुष्कळ घरी अजून चुलीवरच तापते. आणि तिसरे, घरातल्या मुलांनी व पुरुषांनी घागर उचलावी, भांड्यांना हात लावावा. त्यात कमीपणा तो कसला?

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. शिक्षणाने बाष्पाचे गणित समजले, याचा मला आनंद आहे. परंतु ते गणित आईच्या टाचेपर्यंत पोहोचले नाही, तर ते वहीतच राहिले असे म्हणावे लागेल. मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत घरी गेल्यावर स्वतःच्या ओठांना मलम लावण्याआधी एकदा आईचे तळपाय पाहा; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला तुम्ही जा.