पटावर नाव आहे, शिकवणार कोण?

नाशिकमध्ये आम्ही काम करतो त्या वस्तीत सहावीतला एक मुलगा आहे. पटावर त्याचे नाव आहे, हजेरी चांगली आहे, पण जोडाक्षर वाचता येत नाही. आई धुणीभांडी करते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तिने तीन खाडे केले, तीन दिवसांची मजुरी गेली. शाळेने मुलाला नाकारले नाही, आणि शिकवलेही नाही.

कायद्यात कमतरता नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही येतात. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशी मुले शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करणे हेही शासनाचे कर्तव्य आहे.

घोडे अडते ते शिक्षकांपाशी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण ठरवून दिले: प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, माध्यमिकला पंधरामागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पदे जाहीर करण्यास पुन्हा बजावावे लागले. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2024 मध्ये 4,860 पदे निर्माण केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. निर्णय स्वागतार्ह आहे. पण राज्यात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. सरासरी एका केंद्राच्या वाट्याला वीसहून जास्त येतात. या शिक्षकाने रोज एक शाळा केली तरी एका शाळेची पाळी महिन्यातून एकदा. खासगी शाळा वगळल्या तर फार तर दोनदा. पदे केंद्र मोजून काढली. न्यायालयाने मुले मोजायला सांगितली होती.

त्यात खाती दोन. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, बाकीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. मूल मध्येच लोंबकळते. पैसेवाले खासगी थेरपिस्ट गाठतात. आपल्या वस्तीतल्या, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरच्या मुलावर मात्र 'ढ' असा शिक्का बसतो, आणि आठवीनंतर ते कामाला लागते. जात आणि गरिबी इथेही आपले काम चोख करतात.

मित्रांनो, 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह आपल्याच शहरातला. दार उघडले म्हणजे समान वागणूक मिळाली असे होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून तीन कामे हाती घेऊ. रविवारी विहारात येणाऱ्या मुलांपैकी कोण मागे पडते याची यादी करू. प्रमाणपत्रासाठी पालकांसोबत एक कार्यकर्ता जाईल असे बघू. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे दिव्यांग मुलाच्या आईला बसवू आणि एकच प्रश्न लेखी विचारू: आमच्या केंद्राचा विशेष शिक्षक या शाळेत कोणत्या तारखांना आला?

उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू.