तापट मांजराची जाहिरात खरी हवी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात स्प्रूस पाइन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘मिचेल काउंटी ॲनिमल रेस्क्यू’ या संस्थेनं जानेवारी २०२० मध्ये पर्डिटा नावाच्या मांजरीची माहिती फेसबुकवर टाकली आणि तिला ‘जगातली सगळ्यात वाईट मांजर’ असं बिरुद दिलं. मालकाच्या मृत्यूनंतर ती संस्थेत आली होती. वागणं असं, की कर्मचाऱ्यांना आधी ती आजारी असावी असं वाटलं; पण तपासणीत काहीच निघालं नाही. तेव्हा संस्थेनं तिच्या आवडीनिवडींची यादीच छापली. अंधाऱ्या कोपऱ्यात दबा धरून बसणं तिला आवडतं. लहान मुलं, कुत्री, मांजराची पिल्लं आणि मिठ्या मारणारी माणसं तिला खपत नाहीत. दत्तक घेण्याचं शुल्क माफ. ही जाहिरात जगभर फिरली, अर्ज येत राहिले आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या टेनेसी राज्यातल्या एका दांपत्यानं पर्डिटाला घरी नेलं.

जाहिरात वाचून लोक हसले, पण तिचं काम हसवण्यापुरतं नव्हतं. तिच्यातली प्रत्येक ओळ कुणाला ना कुणाला सांगत होती, की ही मांजर तुमच्यासाठी नाही. ज्यांच्या घरात लहान मूल आहे, कुत्रा आहे किंवा ज्यांना मांडीवर बसून घुरघुरणारं मांजर हवं आहे, ते सगळे वाचता वाचताच बाजूला झाले. जे उरले, त्यांना आपण काय घरी आणतोय हे पुरतं ठाऊक होतं. अवघड स्वभावाच्या मांजराला टिकाऊ घर मिळवून द्यायचं तर त्याचा स्वभाव आधी उघडपणे सांगावा लागतो. आपल्याकडे नेमकं तेच टाळलं जातं.

पुण्या-मुंबईतले मांजर दत्तक देणारे व्हॉट्सॲप ग्रुप किंवा इन्स्टाग्रामची पानं चाळली, तर बहुतेक मांजरं एकाच साच्यातली वाटतात. अतिशय प्रेमळ, खेळकर, शी-शूची सवय लागलेली, मुलांमध्ये छान रमणारी. हे लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. नोकरी सांभाळून, दवाखान्याची बिलं स्वतःच्या खिशातून भरून ही मंडळी काम करतात. घरात आधीच मावणार नाहीत इतकी मांजरं असतात आणि पिल्लांचा हंगाम आला की रोज नवा फोन येतो. एखादी भाटी चावते असं लिहिलं तर तिच्यासाठी कुणी विचारणारसुद्धा नाही, ही त्यांची भीती खोटी नाही. पण जाहिरातीत लपवलेला स्वभाव मांजराबरोबर नव्या घरी पोहोचतोच. चार दिवसांत आजीच्या हातावर ओरखडे उठतात, सोफ्याला वास येऊ लागतो आणि ‘असं काही बोलला नव्हतात तुम्ही’ असा फोन येतो. काही वेळा तोही येत नाही.

फोन न करणारे लोक काय करतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडे, मासळीबाजारात नाहीतर देवळापाशी सोडून यायचं, ही रीत गावात आणि शहरात सारखीच चालत आली आहे. मांजर काय, कुठंही जगतं, अशी समजूत तिच्यामागे असते. घरात वाढलेलं मांजर मात्र असं जगत नाही. अनोळखी मुलखात तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत, खाणं कुठं मिळतं हे त्याला माहीत नसतं आणि रस्ता कसा ओलांडायचा हे त्यानं कधी शिकलेलंच नसतं. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं अकरावं कलम प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा मानतं. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे १० ते ५० रुपये. मांजर सोडायला जायचं रिक्षाभाडंही बहुधा त्याहून जास्त होईल. अशा कायद्याचा धाक वाटत नाही, म्हणून सगळा भार मांजर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर येऊन पडतो.

खरं सांगण्याचं दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. वरून जखम छोटी दिसली तरी जंतू खोलवर, सांध्यापर्यंत आणि स्नायूबंधांपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या ५७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. भारतात त्यात रेबीजची भर पडते, कारण तो मांजराच्या चाव्यातूनही होतो. चावा बसला की जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जायचं, याला पर्याय नाही. चावणारं मांजर तसं न सांगता लहान मूल असलेल्या घरी देणं म्हणजे त्या मुलाला धोक्यात घालणं आहे, मग देणाऱ्याचं मांजरावर कितीही प्रेम असो.

आता ‘वाईट स्वभाव’ म्हणजे काय, ते पाहू. बरीच मांजरं वाईट वागतात कारण त्यांना कुठंतरी दुखत असतं, आणि मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात म्हाताऱ्या मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. बारा वर्षांवरच्या ९० टक्के मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. असं मांजर कमरेवर हात पडताच उलटून चावलं तर तो त्याचा स्वभाव नाही, ती वेदना आहे. किडलेले दात, हिरड्यांची सूज, मूत्रमार्गाचा दाह यांतूनही चिडचिड होते. हौसेनं आणलेल्या पर्शियन मांजरांची दशा तर डोळ्यांनी दिसते. रोज विंचरलं नाही तर केसांच्या जटा होतात, जटांनी कातडी ओढली जाते आणि मग ब्रश दिसला तरी ते मांजर फिस्कारतं. म्हणून आधी दवाखाना आणि मगच जाहिरात, हा क्रम संस्थांनी पाळायलाच हवा. पर्डिटाच्या बाबतीत तो पाळला गेला होता.

शी-शूचा प्रश्न आणखी मोठा आहे. अमेरिकेतल्या बारा निवारा केंद्रांमध्ये प्राणी का सोडले जातात याचा अभ्यास झाला आणि २००० मध्ये छापून आला. मांजरांच्या बाबतीत वागणुकीच्या तक्रारींमध्ये घर घाण करणं सगळ्यांत वर होतं. लोकांना वाटतं, मांजर मुद्दाम करतं, सूड उगवतं. प्रत्यक्षात एक तर त्याला लघवी करताना दुखत असतं, नाहीतर शी-शूसाठी ठेवलेल्या पेटीबद्दल काही तक्रार असते. ती साफ नसते, वॉशिंग मशीनच्या खडखडाटाशेजारी ठेवलेली असते, किंवा दोन मांजरांत एकच असते आणि थोरलं मांजर वाटेवर पहारा देत बसतं. जितकी मांजरं त्याहून एक पेटी जास्त, हा जाणकारांचा साधा हिशेब. ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी मूत्राशयाच्या दुखण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि दाखवून दिलं, की घरातला ताण कमी करणं हा या दुखण्यावरच्या उपचाराचाच भाग आहे. वन-बीएचकेमध्ये पेट्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न खरा आहे. पण तो मांजर आणण्याआधी विचारायचा प्रश्न आहे.

काही गोष्टी मात्र औषधानं किंवा पेटीनं सुटत नाहीत. मांजराचं पिल्लू माणसाला आपलं मानायला शिकतं ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. टेंपल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हे पुढं आलं. या काळात ज्याला माणसाचा हात लागला नाही, ते पुढं माणसाशी जमवून घेतं, पण सावकाश आणि बेतानंच. उलट, आईपासून फार लवकर तोडलेलं आणि एकट्यानं वाढलेलं पिल्लू खेळताना किती जोरानं चावायचं हे भावंडांकडून शिकलेलंच नसतं. त्यातून घरच्यांनी लहानपणी हात पुढं करून ‘चाव, चाव’ म्हणत खेळवलेलं असेल तर मोठेपणी ते पायांवर झेप घेणारच. असं मांजर घेणाऱ्याला काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हे वेगवेगळं सांगायला हवं. ‘प्रेम दिलं की सगळं ठीक होतं’ हे वाक्य दत्तक देताना फार सहज वापरलं जातं आणि त्यानं फार नुकसान केलं आहे. घाबरलेल्या मांजराला प्रेमानं जवळ ओढलं की ते आणखी घाबरतं.

कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला, असं जुनी माणसं म्हणत. त्यात अर्धं सत्य आहे, कारण मांजर माणसावरही जीव लावतं. पण जागा बदलली की ते कोलमडतं, हे उरलेलं अर्धं सत्य नव्या मालकाच्या कानावर घालायलाच हवं. लंडनमधल्या पामरस्टन नावाच्या बोक्याचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. बॅटर्सीच्या प्रसिद्ध निवारा केंद्रातून तो एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात आला. तिथून जवळच पंतप्रधान निवासात लॅरी होता, तोही बॅटर्सीचाच, २०११ पासून तिथं मुरलेला. दोन बोक्यांच्या मारामाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रांतून झळकले. पुढं पामरस्टन स्वतःचे केस चाटून चाटून काढू लागला आणि येणारे-जाणारे सगळेच खाऊ घालत असल्यानं त्याचं वजन वाढलं. २०१९ मध्ये त्याला सहा महिने तिथून हलवून विश्रांती दिली गेली. परतल्यावर खात्यानं कर्मचाऱ्यांसाठी नियम केले, की त्याला कुणी भरवायचं, त्यानं कुठल्या भागात राहायचं आणि त्याला शांत कसं राहू द्यायचं. म्हणजे मांजराला सुधारण्याऐवजी कार्यालयानं आपली वागणूक बदलली. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये त्याला निवृत्त करून गावाकडं पाठवण्यात आलं, आणि ते योग्यच झालं. सरकारी कचेरीला जे कळलं ते घराला कळायला हरकत नाही.

निवारा केंद्रांच्या हातातही बरंच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी नेदरलँड्सच्या एका केंद्रात नव्यानं आलेल्या १९ मांजरांचे दोन गट केले. एका गटाच्या पिंजऱ्यात लपायला खोकं ठेवलं, दुसऱ्याच्या नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे निवळली. दुसऱ्या गटाला तिथवर यायला दोन आठवडे लागले. किराणा दुकानातलं रिकामं खोकंही हे काम करू शकतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात केंद्रांतल्या १०० मांजरांना ‘क्लिकर’च्या टक आवाजावर खाऊ देत शिकवलं गेलं. पाच-पाच मिनिटांचे पंधरा पाठ झाल्यावर ७९ मांजरं सांगितलेल्या वस्तूला नाक लावायला शिकली होती आणि ६० मांजरं माणसाच्या हातावर पंजा टेकवत होती. पिंजऱ्यात, गोंगाटात, अनोळखी लोकांमध्ये त्यांनी हे केलं. ज्याला कुणी घेणार नाही असं वाटतं, त्या मांजराबरोबर एखाद्या स्वयंसेवकानं रोज पाच मिनिटं बसावं, इतकी तरी सोय प्रत्येक केंद्रात होऊ शकते.

आणि काही मांजरांना घर नकोच असतं, हेही मान्य करायला हवं. शिकागोच्या ‘ट्री हाउस’ या संस्थेनं माणसाजवळ न येणाऱ्या मांजरांसाठी ‘कॅट्स ॲट वर्क’ नावाचा उपक्रम चालवला. नसबंदी आणि लसीकरण केलेली मांजरं ज्यांना उंदरांचा त्रास आहे अशा जागी द्यायची, काही आठवडे तिथंच बंदिस्त ठेवून जागेची ओळख होऊ द्यायची आणि मग मोकळं सोडायचं. खाणं-पाणी, निवारा आणि औषधपाणी ही त्या जागेच्या मालकाची जबाबदारी. आपल्याकडं गोदामं, धान्यबाजार, शेतघरं, गोठे यांना काय तोटा आहे! मासळीबाजारात आणि कोळीवाड्यात मांजरं पिढ्यान् पिढ्या माणसांच्या आजूबाजूला, पण हाताला न लागता राहतातच. फक्त या जागांवर पोतं उलटं करून मोकळं होणं आणि रीतसर मांजर देणं यांत जबाबदारीचा फरक आहे. नसबंदी झालेलं, तशी कानाला खूण केलेलं आणि रोज वाटी भरणारं कुणीतरी असलेलं मांजर तिथं सुखानं जगू शकतं.

तेव्हा जाहिरात कशी असावी? वय, नसबंदी आणि लसी यांच्याबरोबर तिच्यात मांजर चावलं असेल तर कधी आणि काय करताना, हे असावं. आधीच्या घरातून का आलं, कुणाबरोबर राहू शकत नाही आणि शेवटची दवाखान्यातली तपासणी कधी झाली, हेही असावं. घरी नेल्यावर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं, मांजर स्वतःहून येईपर्यंत उचलायचं नाही, आणि स्थिरावायला तीन महिनेही लागू शकतात, हे तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावं. तिसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्यात संस्थेनं स्वतः फोन करावा, कारण लोक कंटाळतात ते याच सुमारास. आणि करारात एक ओळ ठळक अक्षरांत असावी, की जमलं नाही तर मांजर संस्थेकडंच परत आणावं, कारण विचारलं जाणार नाही आणि दोषही दिला जाणार नाही.